चारशे टन गारठा

"साहेबांना गरम होतंय."

हे वाक्य मी किती वर्षं ऐकतोय ते विचारू नका. फोन वाजतो, पलीकडे मोठ्या साहेबांचा पीए असतो, एवढंच बोलतो आणि ठेवून देतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मग मी उठतो, गुडघ्यांना दोन शिव्या देतो, तळमजल्यावरच्या मशीनरूममध्ये जातो आणि पाणी आणखी थोडं गार करून ठेवतो. आठ मजल्यांच्या या ऑफिसची हवा, पाणी, वीज आणि लिफ्ट माझ्याकडे. कुठलीही वस्तू बिघडली की लोकांना मी आठवतो. चालू असली की मी मेलेला असलो तरी चालतो.

माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. सगळ्या मजल्यांच्या, सगळ्या पॅनेलच्या किल्ल्या. चाललो की वाजतात. त्यावरून लोक मला पाठीमागे 'खुळखुळा' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, म्हणू देत. प्रेमानं म्हणत असतील.

तर आमचा चिलर म्हातारा झाला होता. चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. हे गार पाणी नळांतून मजल्यामजल्यावर चढतं आणि त्यावरून हवा फिरवली की तुमचा एसी होतो. आमचं यंत्र माझ्याबरोबरच नोकरीला लागलेलं. बेअरिंग कण्हत होतं, गॅस गळत होता, आणि वीज तर अशी खात होतं की बिल आलं की अकाउंटवाले माझ्याकडे मीच खाल्ल्यासारखं बघायचे. शेवटी वर ठरलं की नवीन घ्या, पण कमी वीज खाणारा घ्या. निवड करा.

निवड करा म्हणे! करून बघा. विकणारे एकामागून एक आले. प्रत्येकाचं यंत्र जगात सगळ्यात कमी वीज खाणारं. प्रत्येकाच्या रंगीत पुस्तकात एक हसरी बाई यंत्राकडे बघतेय. मी इतकी वर्षं चिलरकडे बघतोय, मला एकदा हसू आलेलं नाही.

नशीब, कंपनीनं एक सल्लागारबाई नेमल्या. बाई कामाच्या होत्या, फुकट बडबड नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "काका, पुस्तकातला आकडा बघू नका. तो यंत्र पूर्ण भारावर चालतं तेव्हाचा असतो. तुमचं यंत्र पूर्ण भारावर वर्षातून किती वेळ चालणार? बाकी सगळे दिवस अर्ध्या भारावर. तिथं कोण कमी खातो ते बघायचं."

मला पटलं. पाहुण्यांसाठी घेतलेलं मोठं पातेलं कुणी रोज दोन कप चहासाठी चढवत नाही. कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र घ्यायचं, एवढं आमचं लगेच ठरलं. राहिला प्रश्न की केवढं? त्यासाठी बाईंनी जुन्या यंत्राला मीटर लावले, काही आठवडे मोजलं, आणि आकडा काढला. चारशे टन.

कँटीनवाला ऐकून घाबरला. "चारशे टन? अहो, बिल्डिंग खचेल!" त्याला समजावलं, की बाबा रे, हे वजन नव्हे. टनभर बर्फ दिवसभरात जेवढा गारवा देईल तो एक टन. असा चारशे टन बर्फ. तो म्हणाला, "एवढा बर्फ कुणाला हवाय पण?" मी त्याला म्हटलं, तू चहा कर.

त्याचं ऐकायला हवं होतं. पण आपण दीडशहाणे.

घोळ वेगळाच झाला. चारशे टनाचं यंत्र लांबलचक. त्याच्या पोटात पाण्याच्या तांब्याच्या नळ्या असतात. त्या कधीतरी बदलायच्या तर यंत्राच्या लांबीएवढीच मोकळी जागा समोर लागते, नाहीतर नळी ओढणार कुठे? मशीनरूममध्ये ती जागा नव्हती. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "ही भिंत पाडावी लागेल. पलीकडे काय आहे?"

पलीकडे पाळणाघर होतं.

ऑफिसातल्या बायकांची पोरं तिथं असतात. यंत्राच्या आवाजामुळे ती खोली कुणालाच नको होती म्हणून पाळणाघराला मिळाली. पण पोरांचं भारी जमलं. भिंतीपलीकडे यंत्र घुमतं आणि ती त्या आवाजावर झोपतात. त्या पोरांत माझी नात, चिंगी. माझी मुलगी याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काम करते. जावई बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. मुलगी आणि नात आमच्याकडेच असतात.

"पाळणाघराला दुसरीकडे जागा देतील की," मी म्हटलं.

"दुसरीकडे जागा असती तर यंत्रच तिकडे नेलं असतं ना, काका," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर दार उघडायच्या आत चिंगी आतून ओरडली, "बंद!" हे तिचं नेहमीचं. माझ्या किल्ल्या वाजल्या की ती दोन्ही हात वर करून "बंद! बंद!" करत धावत येते. आम्हाला वाटायचं, दार बंद करा म्हणते. मी रोज दार लावायचो आणि म्हणायचो, "केलं गं बाई बंद." बायको आणि मुलगी आत काहीतरी बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. हेही नेहमीचंच. मी आलो की घर शांत होतं. दमून आलेल्या माणसाला बरं वाटतं.

चहा झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, पाळणाघर पाडताय म्हणे."

"मी नाही पाडत. यंत्राला जागा लागते."

"मग मी नोकरी सोडते."

"लगेच काय सोडते? तुला आता कुठे टीमची प्रमुख केलीय!"

"मग चिंगीला कुठे ठेवू? आईकडे?"

बायकोच्या छातीचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नव्हतं. तिला पाण्याची बादली उचलायला बंदी. ती म्हणाली, "मी बघेन हो," आणि तेवढं बोलायलाही मधे थांबली. आम्ही दोघांनी एकदमच तिला 'नाही' म्हटलं.

"बाहेर दोन ठिकाणी विचारून आले," मुलगी म्हणाली. "एक बंद व्हायच्या वाटेवर आहे आणि दुसरं संध्याकाळी पाचला मुलं परत देतं. जाऊ दे. तुमचं यंत्र महत्त्वाचं." आणि उठून गेली. तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. ती नुसती थकलेली होती. थकलेल्या माणसाशी काय भांडणार? मीही थकलेलाच होतो.

तेव्हाच बायको म्हणाली, "त्या यंत्राचं राहू द्या. आधी आपल्या लेकीला डॉक्टरकडे घेऊन जा. तिच्या नडग्या बघितल्यात का? जाळी उठलीय नुसती."

खरंच. दोन्ही नडग्यांवर तांबूस-तपकिरी जाळं, कुणी मासे धरायचं जाळं तापवून पायावर दाबावं तसं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. बायको तेल चोळून दमली होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून स्कूटरवरून तिला नेली. कातडीचे डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर. त्यांनी पाय बघितले आणि विचारलं, "चुलीपुढे बसता का?"

मला हसूच आलं. "डॉक्टर, कसली चूल! एसीत बसते ती. आणि तो एसी चालवतो कोण? मी!"

"असं? पूर्वी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या पायांवर हे हमखास दिसायचं. रोज एकाच जागी, जवळून धग लागली की होतं. आता फारसं दिसत नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "धग बंद करा, जाईल आपोआप."

मुलगी खाली मान घालून बसली होती. जिन्यात आल्यावर मी तिला थांबवलं. "काय गं? कसली धग?"

"हीटर आहे, बाबा. टेबलाखाली."

"ऑफिसात? हीटरला बंदी आहे! मी स्वतः नोटीस लावलीय!"

"म्हणून तर टेबलाखाली." मग तिनं सांगून टाकलं. "एकटीचा नाही. सगळ्यांचेच आहेत. तिसऱ्या मजल्यावर बोटं आखडतात, बाबा. कीबोर्ड दाबता येत नाही. तुमच्या किल्ल्यांचा आवाज आला की आम्ही पायानंच बटण दाबतो. लिफ्टपाशी पहिला बसतो तो हळूच म्हणतो, खुळखुळा आला, बंद!"

"बंद," मी म्हटलं.

"पाळणाघरातल्या ताईसुद्धा तसंच म्हणतात."

मी तिथंच पायरीवर बसलो. गुडघ्यामुळे नव्हे. दीड-दोन वर्षांचं पोर, त्याला आजोबाचा आवाज आला की काय करायचं ते ठाऊक होतं. आणि मी रोज दार लावत होतो! मला राग आला, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त वाईट वाटलं.

"मला सांगायचंस की."

"काय सांगणार? तुम्ही म्हणाला असता, साहेबांना गरम होतं, स्वेटर घाला." तिनं माझा आवाज अगदी हुबेहूब काढला. घरी मी आलो की त्या दोघी का गप्प होतात, तेही मला तिथंच, त्या पायरीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी जुडगा खणात ठेवला आणि इमारत फिरायला निघालो. कमरेला हलकं लागत होतं, पट्टा विसरल्यासारखं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली. कुणी मान वर केली नाही. आणि टेबलांखाली, जिकडे बघावं तिकडे, लालभडक तारा पेटलेल्या. एकानं हीटर कचऱ्याच्या डब्यात बसवला होता. एक बाई शालीत गुंडाळून फोनवर गिऱ्हाइकाला "उन्हाळा फार आहे नाही यंदा?" म्हणत होत्या. चौथ्यावर तेच. सहाव्यावर तर हिशेब तपासणारे तिघं एकाच हीटरभोवती खुर्च्या ओढून बसलेले, शेकोटीला बसावं तसे. मला बघून एकाच्या तोंडातून नुसतं "अरे देवा" निघालं.

पाळणाघरात दोन हीटर, कपाटावर उंच ठेवलेले, बंद करायचे तर दोन्ही हात वर करावे लागतील असे. ताई दचकल्या. "अगंबाई! आवाजच आला नाही तुमचा!" मग पदर खोचून उभ्याच राहिल्या. "जप्त करायचेत ना? करा. पण आधी इथं खाली, लेकरांच्या उंचीवर, अर्धा तास बसून दाखवा. तुमच्याच नातीचे पाय हातात घेऊन बघा."

मी खाली बसलो. चिंगी कानटोपी घालून ठोकळे रचत होती. मला बघून हसली, पण हात वर केले नाहीत. किल्ल्या वाजल्या नव्हत्या ना. मी तिचे पाय हातात घेतले. बर्फ.

सल्लागारबाईंना जाऊन सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग कपाळाला हात लावून बसल्या. "काका, म्हणजे मी ऊन मोजलंच नाही. मी तुमचे हीटर मोजले!"

"माझे नाहीत हो."

"तुम्ही गार करता, ते तापवतात. ती उष्णता पाण्यातून परत तुमच्याकडे येते, तुम्ही ती पुन्हा गार करता. त्यांना आणखी थंडी वाजते, ते आणखी तापवतात. वरून बिल दोन्हीकडचं! असल्या ठिकाणी सगळ्यात चांगलं यंत्र आणून काय उपयोग? ते या हीटरांशी भांडण्यातच म्हातारं होईल." त्यांनी नकाशा गुंडाळला. "हवा पंचवीस अंशांवर ठेवा, हीटर काढा, मग मी परत मोजते. तीनशेच्या आत आलं तर लहान यंत्र बसेल. त्याच्या नळ्या दारातून बाहेर ओढता येतात. भिंतीला हात लावायला नको."

"आणि नाही आलं तर?"

"तर भिंत जाईल. ऑर्डर फार थांबवता येणार नाही, काका. उन्हाळा डोक्यावर आहे."

पंचवीस! आणि साहेबांना गरम होतं त्याचं काय? पीएला विचारलं. तो म्हणाला, "साहेब स्वतः थोडेच बोलणार? आपण ओळखायचं असतं. विषय संपला." आणि चहाला निघून गेला.

त्याची पाठ वळली आणि मी आठव्या मजल्यावरच्या त्या दाराशी उभा राहिलो. इतक्या वर्षांत तिथं बोलावल्याशिवाय कधी गेलो नव्हतो. मनात म्हटलं, काढलं तर काढू देत, माझी नोकरी तरी किती राहिलीय. पोरीची सगळी राहिलीय. हळूच टकटक केलं आणि उत्तराची वाट न बघता दार लोटलं.

साहेबांनी टेबलाखाली पाय झाडला. काहीतरी सरकलं, भिंतीवर आदळलं. खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. साहेबांच्या गुडघ्यांवर लोकरीची शाल होती.

मी दार लावून आत आलो.

"तुमच्या किल्ल्या कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"खणात, साहेब."

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बसा."

बसलो. मग सरळच विचारलं, "साहेब, तुम्हाला गरम होतं ना?"

"मला? कोण म्हणतं?"

"रोज फोन येतो. तुम्हीच सांगितलं होतं म्हणे."

त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं. "एकदा म्हणालो होतो खरं. नवीन आलो होतो तेव्हा. तुमची लिफ्ट बंद होती त्या दिवशी. आठ मजले चढून आलो, घाम पुसला आणि म्हणालो, फार गरम होतंय." शाल त्यांनी घट्ट ओढून घेतली. "त्यानंतर गारठून गेलोय मी इथं!"

"मग सांगायचं ना, साहेब!"

"मला वाटलं, बाकीच्यांना एवढं गार हवं असेल. आणि आधी गरम होतंय म्हणायचं, मग थंडी वाजतेय म्हणायचं... लोक म्हणतील, म्हातारा काहीही बोलतो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एका दिवसाच्या घामापायी अख्खी इमारत काकडत होती, माझं यंत्र कण्हत होतं, माझे गुडघे त्या जिन्यांवर झिजले, आणि माझ्या पोरीच्या पायांवर जाळी उठली होती. कुणाचं वाईट कुणाच्या मनात नव्हतं. फक्त कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मी तर नव्हतंच.

मी साहेबांना पाळणाघराचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, आणि मुलीचंही सांगितलं. त्यांनी खाली वाकून तो हीटर स्वतः बाहेर ओढला. "हा घेऊन जा. आणि तुम्हाला काय ते पंचवीस करायचंय ते आजच करा."

तो हीटर लिफ्टनं नेला असता तर सोपं होतं. मी जिन्यानं नेला. प्रत्येक मजल्यावर, खुर्च्यांच्या मधून, वायर लोंबकळत. सगळ्यांनी बघावा म्हणून. "कुणाचा हो?" असं विचारलं की नुसतं बोट वर करायचो. तिसऱ्या मजल्यावर माझी मुलगी उठली, टेबलाखाली वाकली आणि स्वतःचा हीटर उचलून माझ्या मागे चालू लागली. मग कचऱ्याच्या डब्यातला निघाला. मग शालवाल्या बाई. संध्याकाळपर्यंत मशीनरूमच्या कोपऱ्यात एवढा ढीग झाला की कँटीनवाला बघायला आला आणि म्हणाला, "हा घ्या तुमचा बर्फ."

त्या आठवड्यात ऊन कडक पडलं. बाईंनी मीटरपाशी बसून आणि मी मीटरकडे बघायचं टाळत दुपारच्या दुपारी काढल्या. सगळ्यात तापलेल्या दिवशी काटा दोनशे ऐंशीपाशी येऊन थांबला आणि पुढे गेला नाही. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. तीनशे टनाचं, वेग बदलणारं यंत्र, असं लिहून कागद वर गेला आणि सही होऊन खाली आला. भिंत राहिली. पाळणाघरात पोरं अनवाणी खेळताना बघितली आणि मी मशीनरूममध्ये जाऊन थोडा वेळ बसून राहिलो. इतकं दमायला झालं होतं की आनंद व्हायलाही वेळ लागला.

त्या संध्याकाळी जिना चढून घराशी आलो तर आतून हसण्याचा आवाज येत होता. मी जुडगा मुठीत दाबून धरला आणि उभा राहिलो. मुलगी माझी नक्कल करत होती. "साहेबांना गरम होतंय, स्वेटर घाला!" असं घोगऱ्या आवाजात, आणि मधेच माझ्यासारखं गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणत असावी, कारण बायकोला हसून हसून धाप लागली होती. "पुरे गं, टाके उसवतील माझे," असं ती म्हणत होती. माझी बायको एवढी हसते, हे मी विसरलो होतो.

तिथंच उभं राहून ऐकावंसं वाटलं. पण चोरून किती ऐकणार? मी मूठ उघडली आणि किल्ल्या चांगल्या खुळखुळ वाजवल्या.

"बंद!" चिंगी ओरडली.

मी वाट बघितली. आत क्षणभर कुणी बोललं नाही.

"बाबा आले," मुलगी म्हणाली. "या, या, तुमचंच चाललंय." आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "साहेबांना गरम होतंय..."

चिंगी हात वर करून समोर उभी होती. मी जुडगा तिच्या हातात दिला, दार उघडंच ठेवलं आणि आत जाऊन ऐकत बसलो.